उजव्या बाजूचा पुढचा शॉकअप

मोरू, पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. प्रताप नगरच्या तुमच्या सोसायटीचा हॉल, दोन कूलर, खुर्च्या भरलेल्या. मी चार-पाच मिनिटं बोललो. मोरेश्वरच्या हातात जादू होती, मोरेश्वरनं कधी कोणाला दुखावलं नाही, मोरेश्वरसारखा शांत माणूस पाहिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुंदावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की जे एक वाक्य बोलायचं ठरवून मी घरून निघालो होतो, तेवढंच राहिलं.

म्हणून हे लिहितोय. तू वाचणार नाहीस. वाचणार नाहीस म्हणूनच लिहिता येतंय, हेही खरं आहे.

पेपरात तुझी चार ओळींची बातमी आली होती. 'कवळ्या बनवणारे कुशल कारागीर. खेळण्यातल्या गाड्यांची आवड होती.' खेळण्यातल्या! तू असतास तर पेपर माझ्या अंगावर फेकला असतास. "खेळणं नाही बे ते," असं तू किती जणांना सांगितलंस. हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, रिमोटनं चालवायची रेसची गाडी. मातीच्या ट्रॅकवर ती उंचवट्यावरून हवेत जाते, खाली आपटते आणि पुन्हा पळते. आपटल्यावर ती उलटत नाही, कारण तिच्या चार चाकांवर चार शॉकअप असतात, एकेक बोटाएवढा. त्यात तेल, पिस्टन, एक चकचकीत दांडी आणि वरून स्प्रिंग. आपल्या मोटरसायकलला असतात तसेच, फक्त इवलेसे. आख्ख्या नागपुरात ते तुझ्यासारखे कोणी बांधत नव्हतं. माझ्यापुरतं बोलायचं तर देशात कोणी बांधत नव्हतं, पण मी देश पाहिला कुठे.

आपली ओळख माझ्या वडिलांच्या दातांमुळे झाली. त्यांची कवळी मधोमध तडकली होती, डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून त्यांच्या कंपाउंडरनं तुझा महाल भागातला पत्ता दिला. अरुंद गल्ली, वर चढून गेलं की तुझी एक खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर लोकांचे दात. खिडकीशी पॉलिशची मोटर आणि तिच्यावर, टेबलावर, तुझ्या भुवयांवर पांढरी भुकटी. तू कवळी हातात घेऊन उजेडाकडे धरलीस आणि विचारलंस, "खाली पडली का?" बाबा म्हणाले, "नाही." तू त्यांना कोपऱ्यावरचा टवका दाखवलास. बाबा बोळक्या तोंडानं हसले.

मी वाट पाहत बसलो होतो. खिशात गाडीचा एक शॉकअप होता, नेहमी अडकायचा, मी तो चाळा म्हणून दाबत होतो. तू मोटर बंद केलीस.

"ते काय आहे? दाखव."

मी दिला. तू तो एकदा दाबलास, कानाशी नेलास, पुन्हा हळू दाबलास. "खरखर आहे आतमधी. हवा बी आहे." मग मला न विचारता तो उघडलास, दांडी काढून तुझ्या कापडी चाकावर धरलीस आणि कवळीला लावायच्या भुकटीनं घासून अशी करून दिलीस, की तिच्यात माझं नाक दिसत होतं. अर्धा तास गेला. शेवटी बाबा कंटाळून म्हणाले, "मले आधी दात दे गा बापा, मंग त्याचा खेळ पाह्य." तू हसलास. मी तुला हसताना पाहिलेलं ते पहिलं. त्या रविवारी तू ट्रॅकवर आलास आणि त्यानंतर सहा वर्षं एकही रविवार चुकवला नाहीस.

मनीषनगरच्या पुढे, रेल्वेलाईन ओलांडून, प्लॉट पाडून ठेवलेल्या एका रिकाम्या ले-आउटमध्ये आपला ट्रॅक होता. काळी माती आणि मुरूम कालवून आपणच केलेला. सकाळी सहाला पाणी मारायचं, वळणं सारखी करायची आणि ऊन चढायच्या आत चार-पाच फेऱ्या उरकायच्या. तू एकदाच गाडी चालवून पाहिलीस, कुंपणात घातलीस आणि रिमोट माझ्या हातात दिलास. "तू चालव. मी बांधतो." तेव्हापासून तसंच ठरलं.

तू बांधायला बसलास की मी समोर बसून पाहायचो. पिस्टनच्या कडेवरची नखाला जाणवेल न जाणवेल अशी खरखर तू बारीक पॉलिश कागदानं काढायचास. रबरी रिंगांना तेलाचं बोट लावायचास. तेल भरल्यावर दांडी इतक्या सावकाश वरखाली करायचास, की मला जांभया यायच्या. तळाचे बुडबुडे एकेक करून वर येत. ते सगळे येऊन फुटेपर्यंत तू झाकणाला हात लावायचा नाहीस. शेवटी डावा आणि उजवा शॉकअप समोरासमोर टेकवून दोन्ही बाजूंनी दाबायचास. दोघे बरोबरीनं आत गेले पाहिजेत आणि बरोबरीनं बाहेर आले पाहिजेत. केसभर फरक पडला तरी दोन्ही उघडायचास. "एकच उघड ना," मी म्हणायचो. "चूक कोणत्यात आहे ते काय माहीत," तू म्हणायचास.

आपलं भांडण तेलावरून असायचं. मला जाड तेल हवं असायचं, उडीवरून गाडी आपटली की ती घट्ट राहावी म्हणून. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तेल पातळ होतं, तेव्हा तूही थोडं जाड घालायचास, पण मला हवं तितकं कधीच नाही. "जाड तेल टाकून तू गाडीले नाही, सोताले धीर देऊन राहिला," असं तू एकदा सगळ्यांसमोर म्हणालास. मला राग आला होता. अजूनही मला वाटतं, की त्या दिवशी तेल जाडच हवं होतं. हे भांडण आपण मिटवलं नाही आणि आता मी एकटा ते किती दिवस चालवू?

आता हैदराबाद.

तीन वर्षांपूर्वी आपण दोघं तिथल्या मोठ्या रेसला गेलो. दोन दिवसांची रेस, ठिकठिकाणचे लोक, त्यांच्याकडे घडीचे तंबू, एकेकाजवळ तीन-तीन गाड्या. आपल्याजवळ एक गाडी, तुझी कवळ्यांच्या हत्यारांची पेटी आणि वहिनींनी दिलेल्या दशम्या. पहिल्या दिवशी लोकांनी गाडी पाहिली आणि टेबलाजवळ येऊन शॉकअप दाबून पाहू लागले. कोणी विचारलं, हे कुठून मागवले. तू म्हणालास, "महालातून." त्याला वाटलं ती कंपनी आहे. आपण इतके हसलो, की तुला ठसका लागला. तो ठसका मी तेव्हा मनावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंतिम फेरीत होतो. नागपूरचा कोणीही तोवर तिथं पोचला नव्हता. फेरीला पाऊण तास होता. तू चहा आणायला गेलास. जाताना म्हणालास, "फोन ठेव आणि गाडीले हात लावू नको." आदल्या दिवशीही मी सारखा फोनवर असतो म्हणून तू मला रागावला होतास.

तू गेलास आणि माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. मी एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं गाडी उचलली, बॅटरी पाहावी म्हणून. ती निसटली. टेबलाच्या कडेला लागून खाली फरशीवर पडली, उजव्या पुढच्या चाकावर.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं. गाडी उचलली, पुसली. दिसायला सगळं ठीक होतं. पण पुढून दाबली तेव्हा उजवी बाजू किंचित अडकली आणि मग वर आली. माझ्या अंगठ्याला ते कळलं. तुझ्याजवळ इतकी वर्षं बसून मला तेवढं तरी कळत होतं. दांडी वाकली होती. पेटीत दुसरी दांडी होती आणि तुला ती बदलायला वीस मिनिटं लागली असती. वेळ होता.

तू दोन कप घेऊन आलास. मी चहा घेतला आणि काहीच बोललो नाही.

का बोललो नाही, याचा मी तीन वर्षं विचार केला. तू रागावशील म्हणून? तू फार तर "फोन" एवढंच म्हणाला असतास. मला वाटतं, फेरीच्या आधी मला तुझ्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही सापडत नाही.

ट्रॅकच्या सातव्या चकरेपर्यंत मी तिसरा होतो. मग दोन उंचवट्यांच्या जोडउडीवरून गाडी खाली आली, उजवी बाजू दबली ती दबलीच राहिली, नाक मातीत घुसलं आणि गाडी तीनदा उलटली. मी शेवटचा आलो. रिमोट घेऊन उभं राहायच्या मचाणावरून उतरलो तेव्हा दहा-बारा लोक आपल्या टेबलाभोवती होते. कोणीतरी विचारलं, काय झालं. आणि मी, मोरू, तुझ्याकडे बोट करून म्हणालो, "शॉकअपमध्ये हवा राहिली होती. यानं घाई केली."

घाई! तू!

तिथला एक जाडसर माणूस, लाल टोपीवाला, हसून म्हणाला, "दाँत बनाने वाले से शॉक बनवाओगे तो यही होगा, भैया." सगळे हसले. मी हसलो. ते हसणं मला त्या खोटेपणापेक्षा जास्त आठवतं. तू गाडी उचललीस, चाकं काढलीस, माती पुसलीस, एकेक हत्यार पेटीत त्याच्या खाचेत ठेवलंस. कोणाकडे पाहिलं नाहीस.

परतीच्या रेल्वेत आपण समोरासमोरच्या खिडक्यांशी बसलो होतो. दुपार होती. तू विचारलंस, "नंदू, गाडी कुठं पडली होती का गा?"

तुझ्या आवाजात राग नव्हता. बाबांना विचारलं होतंस, तसंच विचारलंस.

मी म्हणालो, "नाही."

तू मान हलवलीस आणि खिडकीबाहेर पाहू लागलास.

माझा धंदा तुला माहीत होता. मी विम्याचा सर्व्हेअर. अपघाताची गाडी पाहायची, मालक काय सांगतो ते ऐकायचं आणि त्यातलं खोटं किती ते लिहायचं. उभ्या गाडीला मागून कोणी ठोकलं म्हणणाऱ्याला मी पत्र्याची घडी दाखवून गप्प करतो. पत्रा खोटं बोलत नाही, असं मी नव्या लोकांना शिकवतो. त्या डब्यात बसून मात्र मी स्वतःला सांगत होतो, की एवढ्याशा दांडीवरून कोणाला काय कळणार.

त्यानंतर तू ट्रॅकवर आला नाहीस. भांडलाही नाहीस. फोन केला की उचलायचास, "काम आहे गा" म्हणायचास. माझ्या मुलीच्या लग्नात आलास, अक्षता टाकल्यास, जेवलास. माझ्या गाडीचे शॉकअप मी एकदा तुझ्याकडे पाठवले. तू ते स्वच्छ करून परत पाठवलेस, तेल न भरता. सोबत चिठ्ठी होती: 'आता डोळे साथ देत नाहीत.' तुझे डोळे उत्तम होते. मी विकतचे लावले, चांगले महागडे. एकही फेरी पहिल्या तिघांत आलो नाही. लोक म्हणाले, नंदूचं वय झालं. मी ते मान्य करून टाकलं, दुसरं काही मान्य करण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि मग तुझा खोकला. वहिनींनी फोन केला तेव्हा तुला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं म्हणे, की दगडखाणीत काम करता का. तीस वर्षं त्या बंद खोलीत मोटरसमोर वाकून बसलास. मास्क लावला की चष्म्यावर वाफ येते म्हणून मास्क नाही. ती पांढरी भुकटी फुप्फुसात बसत गेली आणि फुप्फुसं कडक होत गेली. औषध नाही, फक्त मशीन. त्या भुकटीत आमच्या दांड्यांचा वाटा किती होता, मोरू? सहा वर्षांत तू आमच्या किती दांड्या त्या चाकावर धरल्यास? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. कोणालाच विचारलं नाही.

मी दर गुरुवारी यायला लागलो. संध्याकाळी ऑफिसातून थेट. तू खुर्चीत बसलेला, नाकाला नळी, मांडीवर कानशी आणि एखादी कवळी. मोटर बंद झाली म्हणून तू हातानं घासत होतास. लाईट गेली की मशीन बंद पडायचं, मग वहिनी सिलिंडरची चावी फिरवायच्या आणि आपण तिघं लाईटची वाट पाहायचो. तुला बोलायला त्रास व्हायचा, म्हणून मीच बोलायचो. कोणाची गाडी उलटली, कोणी नवी घेतली. तू डोळे मिटून ऐकायचास. एकदा मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतात? तू छातीवर हात ठेवून दोन दमांत म्हणालास, "दबते... पण वर येत नाही." आणि स्वतःच हसलास आणि त्या हसण्यानं तुला इतका खोकला आला, की वहिनी धावत आल्या आणि माझ्यावर रागावल्या.

शेवटचा गुरुवार. तूच निरोप पाठवलास, की गाडी घेऊन ये. मी आणली. तू पेटीकडे बोट दाखवलंस आणि मग माझ्याकडे. मला बांधायला सांगत होतास. मी आयुष्यात कधी बांधला नव्हता, नेहमी पाहत बसलो होतो. मी दांडी पुसली, रिंगा लावल्या. माझे हात जाडे, रिंग दोनदा निसटून पडली.

"हळू," तू म्हणालास. थोड्या वेळानं, "ओत." मी तेल ओतलं. "वरखाली." मी दांडी वरखाली केली. "अजून हळू."

मग तू हात वर केलास, थांब म्हणून. बुडबुडे वर यायचे होते.

शॉकअप आपल्या दोघांच्या मध्ये टेबलावर उभा होता. मशीनचा आवाज येत होता. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. एवढा वेळ आणि एवढी शांतता मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. मी म्हणालो, "मोरू, हैदराबादले..."

तू तळहात वर केलास.

मी थांबलो. मग मला वाटलं तुला पाणी हवं आहे. मी पेला दिला, तू दोन घोट घेतलेस. तू मला बोलू नको म्हणत होतास, की खरंच तहान लागली होती? मी पाणी दिलं कारण पाणी देणं सोपं होतं. पेला खाली ठेवल्यावर मला पुन्हा सुरुवात करता आली असती. मी म्हणालो, "आता झाकण लावू का?" तू मानेनंच हो म्हणालास.

रविवारी सकाळी तू गेलास. मी ट्रॅकवर पाणी मारत होतो.

तेराव्यानंतर मी घरी गेलो. शोकसभेतलं ते न बोललेलं वाक्य आता निदान वहिनींपुढे तरी बोलायचं, असं पक्कं करून गेलो. त्या जमिनीवर बसून तुझ्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, हैदराबादला गाडी माझ्या हातून पडली होती. दांडी वाकली होती. मी मोरूचं नाव सांगितलं."

त्यांनी वरही पाहिलं नाही. "मले माहीत आहे," म्हणाल्या.

"कसं?"

"तुम्ही आले त्याच दिवशी यांनी पेटी उघडली. शोकेसची काच काढली आणि दांडी त्याच्यावर लोळवली. मले बोलावलं. म्हणे, कुंदा, पाह्य, कशी उड्या मारून राहिली. वाकली आहे म्हणे. मातीत उलटून अशी नाही वाकत म्हणे, कडक जागी पडली."

"मग मला का नाही म्हणाला?"

"मीनं बी तेच म्हटलं, विचारा ना त्याहिले. म्हणे, विचारलं. रेल्वेत विचारलं एकदा." त्यांनी चिठ्ठ्यांना रबर लावलं. "तुम्ही लोकाहीसमोर बोलले त्याचं तेवढं नाही वाटलं यांले, भाऊजी. रेल्वेत तुम्ही नाही म्हटलं, त्याचं वाटलं."

मी बसलो. विचारलं, की मग मला गुरुवारी येऊ का दिलं.

"गुरुवारी माह्याकडून दाढी करून घेत," वहिनी म्हणाल्या. "बाकी सहा दिवस तसेच राहत. मले नव्हतं पटत तुमचं येणं. मले राग होता तुमचा. अजून आहे." मग त्या उठल्या. "चहा घेता का?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो? आणि चहा चांगला होता, मोरू, आणि मी पूर्ण प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी त्या लाल टोपीवाल्याचा नंबर मिळवला. निदान त्याला तरी कळावं असं वाटलं. त्याला सगळं सांगितलं, गाडी पडली ती, दांडी, तू. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भैया, कौन दाँत वाला? मुझे कुछ याद नहीं आ रहा." त्याला खरंच आठवत नव्हतं. तीन वर्षं ज्या हसण्यानं मी ट्रॅकवर मान खाली घालून फिरलो, ते तुझ्या आणि माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात नव्हतं. आता फक्त माझ्या आहे.

काल वहिनींबरोबर महालातली तुझी खोली रिकामी करायला गेलो. फळ्या काढल्या, मोटर काढली. भुकटी इतकी होती, की मी वहिनींना बाहेर उभं राहायला लावलं आणि तोंडाला पंचा बांधला. त्याआधी त्यांनी घरून आणलेली एक डबी मला दिली होती. तू मार्चमध्ये खुर्चीत बसून हातानं घासलेली शेवटची कवळी, पाण्यात ठेवलेली, झाकणावर तुझं अक्षर: 'जगन मास्तर, क्लॅरिनेट. ओठाखालची कड बारीक ठेवणे.' ते पलीकडच्याच गल्लीत राहतात, बँडवाले, पण इतके दिवस गावी होते. मी डबी घेऊन गेलो.

बँडच्या दुकानात ते एकटेच होते. मागे ढोल आणि लाल कोट टांगलेले. डबी पाहून त्यांचा चेहरा उजळला. तिथंच नळाखाली कवळी धुतली, बसवली, जीभ फिरवली, दात वाजवले. मग खुंटीवरून क्लॅरिनेट काढलं, ओठांत धरलं आणि एक सूर काढला. लांबच लांब, न थरथरता. त्यांनी तो सोडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुठंच लागत नाही," ते म्हणाले. "आधीच्या कवळीनं ओठ सोलून निघे. चार महिन्यांपासून वाजवलं नाही मीनं. पण मोरूभाऊ सोता काहून नाही आले?"

"तब्येत बरी नाही त्याची," मी म्हणालो.

माझ्या तोंडातून तेच आलं, मोरू. एक क्षणही न थांबता, सरळ, सहज. मास्तर मान हलवून क्लॅरिनेट पुसायला लागले. मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

"नाही, मास्तर. मी खोटं बोललो. मोरू गेला. वीस दिवस झाले."

त्यांचा हात थांबला. ते हळूच स्टुलावर बसले. क्लॅरिनेट मांडीवर आडवं. त्यांनी तोंडात बोट घालून कवळी काढली, ओंजळीत धरली आणि बोळक्या तोंडानं, नीट ऐकू येणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "मंग आता दुखलं तं कोणाले दाखवू?"